तंग

पावडर नदीच्या काठी, लोकरीच्या जुन्या गोदामात
हार्लन टिबेट्स घोडे घडवतो.
उजव्या हाताला अंगठा नाही त्याच्या.
खोगिराच्या खुंटाला दोर गुंडाळताना मधे सापडला,
दोराच्या दुसऱ्या टोकाला अकराशे पौंडांचा खोंड.
दोघांनी गवतात शोधला म्हणे थोडा वेळ,
मग एकजण म्हणाला,
चला, उजेड आहे तोवर डागण्या उरकू.

हे तो हसत सांगतो.
मी त्याच्याकडे ओतकामाला.
मातीवरचे त्याचे ठसे मला अंधारातही कळतात:
चार बोटं, आणि तळहाताची ती जाड उशी.
आयाळ तो उशीनंच वळवतो.

डेन्व्हरहून येतात त्यांना उधळलेला घोडा हवा असतो,
चारी पाय आभाळात, टोपी उडालेली.
करतो तसेही. चित्रंही करतो, मावळतीची.
"तांबडा रंग लवकर खपतो," म्हणतो.
भिंतीकडे तोंड करून ठेवलेल्या कॅनव्हासांवर मात्र
कुंपणाचा खिळा दातांत धरून उभा एक माणूस,
ट्रकच्या पायरीवर मोजा उलटा करून झटकणारा दुसरा,
आणि एकावर नुसतं बर्फ.
त्यात अठ्ठावीस गाई आहेत,
मोजायला बसलं तर.

मंगळवारी क्लेटस ओडेगार्ड आला,
मुलीच्या दंडाला धरून, प्राणवायूची नळी नाकात.
त्याच्या भावाचा पुतळा मातीत उभा होता,
आर्विड, पेनीवर, दोघंही होते तेवढेच मोठे.
क्लेटस तीनदा फिरला भोवती.
टोपीला काही बोलला नाही, नाकालाही नाही.
मग वाकून
घोडीचं पोट आणि तंग यांच्यामध्ये बोट घालू लागला.
जाईना.

"फार आवळलायस."

हार्लन गप्प.

"तो एक भोक सैल ठेवायचा. चढावर तिला धाप लागते म्हणायचा."

हार्लन म्हणाला, "माहीत आहे.
खोगीर फिरलं तेव्हा मीच होतो मागे."

पत्र्यावर वारा वाजत राहिला.
मुलीनं नळीचा पीळ सोडवला, उगाच.

"आता नाही पडणार तो," क्लेटस म्हणाला,
"सैल कर."

रात्री उशिरापर्यंत हार्लननं तारेनं माती कापली,
बक्कल एक भोक खाली आणलं.
मी दिवा धरला होता.
त्यानं एकदाही वर पाहिलं नाही.

महिन्याभरानं कांसं ओतलं.
ती फट भरून आली, अशा फटी भरतातच.
दोन दिवस बारीक कानशीनं
मी ती मोकळी करत बसलो.
आता बोट जातं.
कडेला अजून जरा खरखरीत लागतं.