इतिवृत्तात न आलेलं

'सभा खेळीमेळीच्या वातावरणात पार पडली'
असं मी लिहिलंय. तसंच लिहायचं असतं.
बत्तीस वर्षांची इतिवृत्तं आहेत लोखंडी कपाटात,
एकाही वर्षी वातावरण बदललेलं नाही.

विषय क्रमांक चार.
छेडाशेठ बारा लाख देतायत.
अट नाही म्हणाले, अपेक्षा आहे:
तळमजल्यावर एसी अभ्यासिका, दाराला कार्ड,
महिना सहाशे.
आणि ते वर्तमानपत्रांचं टेबल
"कुठेतरी ॲडजस्ट करा."

कुठेतरी म्हणजे जिन्याखाली.
तिथे मी आत्ता चपला काढते
आणि ओल धरलेले दिवाळी अंक
एकेक पान सोडवत वाळत घालते.

पेडामकरकाका उठले, खुर्चीची पाठ धरून.
"मी रोज सातला येतो," म्हणाले.
"पेपर घरीही येतो आमच्या.
पण दहा बाय बाराची खोली. सून आंघोळ करून निघते,
तेव्हा मी कुठेतरी असायला नको?"
कुणीतरी हसलं.
मग कुणी हसलं नाही.

प्रणाली घाग बसूनच बोलली.
राज्यसेवा, तिसरा अटेम्प्ट.
"काका, तुम्ही अग्रलेख मोठ्यानं वाचता.
मी सहाशे देईन, कुठून ते माझं मी बघेन.
मला एकच खुर्ची हवीय,
मी पाणी प्यायला उठले तरी माझीच राहील अशी."

मला दोघांचंही पटलं.
मला मत नाही. मी पगारी.
सात हजार, तेही वीस तारखेनंतर.

मत कुणाला, यावरही अर्धा तास गेला.
खजिनदारांनी नियम वाचला: पाच हजारांच्या वरचे देणगीदार.
मागच्या बाकावर तांडेलबाई.
दर एक तारखेला एकवीस रुपये, पावती मागून घेतात.
अकरा वर्षांत एकच पुस्तक नेलंय,
ते अजून आलेलं नाही.
"मताचं राहू द्या," म्हणाल्या,
"पण मी देते त्याला तुम्ही काय म्हणता मग?"
खजिनदारांनी चष्मा पुसला.

मतपत्रिका मीच कापल्या होत्या,
जुन्या स्मरणपत्रांच्या पाठकोऱ्या बाजूवर.
मोजायला घेतल्या आणि उडाल्या.
"अहो, पंखा बंद करा जरा."

आधी पाती दिसली.
मग पात्यांवरची लाल अक्षरं, हळूहळू थांबत:
कै. भागीरथी तुकाराम
मोंडकर यांच्या
स्मरणार्थ.

सगळी सभा मान वर करून.
"कोण हो या?"
कुणालाच माहीत नव्हतं.
कार्यवाह म्हणाले, रेकॉर्डला असेल.

रेकॉर्डला आहे.
पावती क्रमांक दोनशे बारा, चारशे ऐंशी रुपये,
मुलानं चार हप्त्यांत दिलेले.
शेवटच्या हप्त्याला तो पंख्याखाली
दहा मिनिटं नुसता बसून गेला,
हे रेकॉर्डला नाही, मला माहीत आहे.
एसी आला की पंखे उतरणार
हे विषयपत्रिकेत नव्हतं.
मी तोंड उघडलं होतं.
तेवढ्यात चहा आला.

एकोणीस विरुद्ध सोळा. एक मत बाद:
कुणीतरी खूण उलट्या बाजूला केली होती,
'पुस्तक त्वरित परत करावे' याच्यापुढे.
ठराव मंजूर.
जिन्याखाली एक ट्यूबलाइट द्यावी,
ही सूचना टाळ्यांच्या गजरात.

आज सकाळी पावणेसातला शटर वर केलं.
पेडामकरकाका उभेच होते.
पायरीवर प्रणाली, मांडीवर डबा आणि भूगोल.
काम सुरू व्हायला अजून महिना आहे.
मी पंखा लावला, तीनवर,
भागीरथीबाई दिसेनाशा झाल्या, वारा आला.
काकांनी दांडीसकट पेपर ओढला
आणि अग्रलेख वाचायला लागले,
नुसते ओठ हलवत.

दोन परिच्छेद झाले असतील.
"काका," ती पुस्तकातून वर न बघता म्हणाली,
"ऐकू येत नाहीये."