मेनू नाही

बसा. मेनू नाही.
जे आहे ते आहे, आणि ते अजून निखाऱ्यांखाली आहे.
ती खुर्ची नको. तिचा पाय वाइयोसने तीनदा ठोकलाय,
तरी लंगडते, वाइयोससारखीच.
ऐकतोय तो. ऐकू दे, अर्धंच पोचतं त्याच्यापर्यंत.

गाडी खाली पुलापाशी ठेवलीत? बरं केलंत.
इथवर आणली असतीत, तर चिनाराखाली
अख्खा गाव गोळा झाला असता तिच्याभोवती.
अख्खा गाव म्हणजे सात माणसं.
पाद्री धरला तर आठ, पण तो एका रविवाराआड येतो
आणि घाटात बर्फ पडला, की तेवढाही नाही.

कोणाचे तुम्ही?
नाही, देश नाही विचारला. देश पासपोर्टावर असतो.
कोणाचे, म्हणजे कोणाच्या घरचे, कोणत्या चुलीचे.
इथे हा पहिला प्रश्न, नाव मागाहून.
राहू द्या. उपाशीपोटी आठवत नाही माणसाला.

हे घ्या तोवर, त्सिपुरो.
अहो, एका घोटात नाही!
लागला ना ठसका.
पाणी त्या नळाचं प्या, डोंगरातून सरळ येतं,
दात शिवशिवतील.
आणि हे चीज, झिसिसच्या मेंढ्यांचं.
झिसिस म्हणजे तो, दारातून तुमचे बूट न्याहाळतोय.
या बुटांनी खिंड चढणार का, असं त्याच्या मनात आहे.
माझ्याही.

आता झाकण काढते, मागे सरका.
अंगाला लागली तर आग करते ती रानभाजी आहे आत.
हातमोजे न घालता खुडते मी, पन्नास वर्षं झाली,
आता एकमेकींची सवय झालीय.
तिच्यात कांद्याची पात, मूठभर शेपू.
पोळ्या लाटायच्या झाडूच्या काठीएवढ्या बारीक लाटण्याने,
इतक्या पातळ, की सासू एकेक उचलून खिडकीशी धरायची.
पलीकडचा डोंगर दिसला नाही, तर परत मळ.
दोन वर्षं मला डोंगर दिसला, तिला दिसेना.
मग कळलं, मोतीबिंदू होता.

हाताने खा, काटे मागू नका.
आधी कड. गरम आहे तोवरच ती कड.
मधला तुकडा ठेवा वाइयोसला, त्याला दात नाहीत.

पैसे?
थांबा, ही वही बघा.
शाळेची हजेरी. शाळा बंद झाली तेव्हा
जिल्ह्याहून आलेल्या माणसाने बाकं नेली, नकाशा नेला,
घंटासुद्धा.
ही मी एप्रनखाली धरून उभी होते.
पहिल्या पानावर एकेचाळीस नावं, एका बाकावर चौघं चौघं.
मग सव्वीस.
मग नऊ.
हे शेवटचं पान. असिमिना, माझी.
एक मुलगी, एक मास्तर, अख्खं वर्ष.
तो रोज सकाळी तिचं नाव मोठ्याने पुकारायचा
आणि ती आधी मागे वळून बघायची,
दुसरं कुणी ओ देतंय का,
मग म्हणायची, हजर.
आता स्टुटगार्टला असते, दातांच्या दवाखान्यात.
रविवारी फोन करते आणि विचारते,
आज जेवायला कोण होतं?

म्हणून तिच्या नावाखाली लिहायचं. नाव, तारीख.
तुमच्या लिपीत लिहा, मला कुठे वाचायचंय.
मी ओळीवर बोट ठेवून सांगेन तिला:
एक उंच, पहिल्याच घोटाला ठसका लागला तो,
एक चष्म्याची, तिने कड दोनदा मागून घेतली.
पैसे लोक चिनाराच्या ढोलीत ठेवून जातात,
मला ठाऊक नाही असं समजून.
वाइयोस संध्याकाळी आणून देतो.

लिहिलंत? मग उठताय कुठे?
अजून मध यायचाय, अक्रोड फोडायचेत.
अंधारात घाट उतरायचा नसतो.
झिसिस, दार लाव, वारा येतोय.
बाहेरून नाही रे.
आतून लाव.