खांदा, पोट, शेंडा

घडाला तीन मणी विचारायचे असतात.
खांद्यावरचा एक, पोटातला एक, शेंड्याचा एक.
खांद्यावरचा नेहमी थापा मारतो,
ऊन त्यालाच आधी भेटलेलं असतं.
शेंड्याचा आंबट, पण खरं बोलतो.
तिन्ही चिरडायचे, थेंब काचेवर सोडायचा,
झाकण मिटून नळी उजेडाकडे धरायची:
निळं संपतं तिथे आकडा.
सतरा आला की मी तिडके साहेबांकडे बघून मान हलवते.
सोळा असला तर अख्खा प्लॉट चार दिवस थांबतो
आणि बागवाला मोटरसायकलला टेकून माझ्याकडे
रुसलेल्या जावयाकडे बघावं तसा बघतो.

मोहाडीच्या या पॅकहाऊसात अकरा हंगाम झाले.
साखर मोजायची नोकरी आहे, असं मी म्हणाले
तेव्हा डॉक्टर कासलीवाल हसल्या,
मग माझा रिपोर्ट बघून थांबल्या.

पहिलं वर्ष घाबरण्यात गेलं.
नणंदेने मेथीचं पाणी सांगितलं,
हौसाने जांभळाच्या बियांची पूड,
एसटीतल्या एका अनोळखी माणसाने
ओझरपासून निमाणीपर्यंत कारल्याचा रस.
सगळं प्याले.
गोळ्याही घेतल्या, तेवढी अक्कल शाबूत होती.
आकडा त्याला वाटेल तिथे जाऊन बसायचा.

मग एका पौषात मी रजिस्टर उलटं धरलं.
पुढून साहेबांचे प्लॉट: गट नंबर, जात, गोडी.
मागून माझा: काय खाल्लं, किती चालले, किती आली.
पट्टी महाग, रोज परवडत नाही,
म्हणून स्वतःलाही घडासारखंच विचारते.
सोमवारी उपाशीपोटी,
बुधवारी जेवल्यावर दोन तासांनी,
शनिवारी रात्री, अंथरूण घातल्यावर.

कळलं ते असं:
बाजरीची दीड भाकरी मला झेपते, गव्हाच्या दोन पोळ्या नाही.
भात सोडला नाही. भाजीच्या मागून खाते, चार घास.
डबा झाला की बाया सावलीला आडव्या होतात,
मी मागच्या बागेत मांडवाखालून वाकून
सहा ओळी जाऊन येते.
त्या सहा ओळींनी तीस-चाळीसचा उतार पडतो.
आणि धाकट्याशी वाजलं त्या रात्री
पाण्याशिवाय पोटात काही नसताना दोनशे तीस.
डॉक्टरांच्या तक्त्यात याला रकाना नव्हता.
मी आखला. लिहिलं:
ऋषी. ट्रॅक्टरचा हप्ता.

गेल्या फेब्रुवारीत कंटेनर भरायचा होता.
गोळी सकाळीच घेतलेली, डबा अडीचपर्यंत बंद.
काचेवर थेंब बसेना.
निळं पांढऱ्यात उतरलं, कानात मधमाश्या,
घाम असा, जणू कुणी मला चिरडलं.
भोवती चौदा टन गोडी रचलेली
आणि भिंतीवर पाटी: आत खाण्यास सक्त मनाई.
मी मोजे काढले.
खांद्यावरचेच मणी तोडले.
ये रे थापाड्या, आज तुझं काम आहे.
मोजून पंधरा.
मग रिकाम्या क्रेटवर बसून राहिले.
तिडके धावत आले, पाटीकडे बघितलं,
माझ्याकडे बघितलं,
आणि काही न बोलता पाण्याची बाटली उघडून दिली.

दुसऱ्या दिवशी पाटीखाली खिळा होता,
खिळ्याला पिशवी, पिशवीत ग्लुकोजचा पुडा.
पिशवीवर नाव कुणाचं नाही.
पुडा माझ्या हिशोबापेक्षा लवकर संपतो.
एकदा हौसाला चिमूट तोंडात टाकताना पाहिलं,
तिच्या घरी अजून कुणाला माहीत नाही.
मी पाठ वळवली आणि घड उचलला.

तीन महिन्यांची सरासरी सात पॉइंट एक आली.
डॉक्टर म्हणाल्या, छान.
मी छान म्हटलं नाही. सरासरीत शेंडा दिसत नाही.

हंगाम संपला की रजिस्टर ऑफिसात जमा होतं.
मागची पानं मी सुईने उसवून घेते,
साहेबांची एक ओळ न फाटता.
एप्रिलात खरड छाटणी होते, वेलाचा नुसता खुंट उरतो.
त्या महिन्यात मला भूक फार लागते.
का, ते अजून लिहिलेलं नाही.