स्मरणिकेसाठी दोन पानं

कमिटीनं ठरवलं, मंडळीचं शंभरावं वर्ष,
स्मरणिका निघालीच पाहिजे.
जाहिराती आल्या. देगलूरचं कृषी केंद्र, एक सायकल मार्ट,
आमदारांचा अर्ध्या पानाचा नमस्कार.
इतिहास तेवढा राहिला.
इम्मानुएलराव सोनकांबळे म्हणाले,
"तू मास्तर आहेस, दोन पानं लिही. तारखा नीट टाक."

तारखा वाळवीनं खाल्ल्यात.
रजिस्टरचं पहिलं पान तेलुगूत,
दुसऱ्यावर निजाम सरकारचा उर्दू शिक्का,
तिसऱ्यापासून मराठी,
तीही फुटक्या बोरूची.

पहिला उपदेशक बोधनकडून पायी आला, नाव संतोषम्.
त्याला मराठी येत नव्हती,
आमच्या लोकांना तेलुगू अर्धीमुर्धी.
मधल्या जागेत शुभवर्तमान होतं,
असं लिहिलं आणि खोडलं.
मधल्या जागेत हिवताप होता.
त्याच्या झोळीत कोयनेलच्या गोळ्या होत्या.

लेंडीला त्या मार्चात घोट्याएवढं पाणी,
आणि यांचा पंथ बुडवणाऱ्यांचा.
कपाळावर शिंपडून भागत नाही,
अख्खा माणूस पाण्याखाली जायला हवा.
वर डोह होता. तो गावाचा होता.
गावाचा म्हणजे कुणाचा,
हे स्मरणिकेत कशाला.

मग खाली, म्हशींच्या उताराला
रात्रभर वाळू उपसून खड्डा केला
मांगवाड्यातल्या बायकांनी, टोपल्यांनी.
पहाटे त्यात पाणी झिरपलं,
निवळेपर्यंत ऊन चढलं.
अकरा माणसं खाली गेली, अकरा वर आली.
रजिस्टरात अकरा नावं.
उपसणाऱ्यांसाठी रकाना नाही.

माझी पणजी गवराबाई त्या बायकांतली.
ती कधी बुडाली नाही.
म्हणायची, "हाताला वाळू लागली की, तेवढं बास."
पोचम्माला नारळ फोडत राहिली
आणि रविवारी मागच्या चटईवर बसत राहिली.
पाळकांनी दोनदा समजावलं.
तिसऱ्यांदा नाही,
कारण देवळाची जमीन सारवायला तीच यायची.

पोलीस अॅक्शनच्या वर्षी घंटा विहिरीत लपवली.
काढताना दोर तुटला.

बहात्तरला गावच्या सगळ्या विहिरी बसल्या.
आमची खाली गेली,
इतकी की घंटेची कड दिसू लागली,
पण आटली नाही.
वरच्या आळीतून घागरी आल्या,
आधी रात्री, मग दिवसाढवळ्या.
पाळकीणबाई तबिथा काठावर उभी.
उंचावरून ओतायची या गावाची रीत
आमच्या ओंजळींना पाठ होती.
तिनं पोहराच पुढं केला.
"तुमच्या हातानं काढा. दोर लांब हाय, जपून."
पाच महिने पोहरा घंटेवर आपटायचा.
तेवढ्या दिवसांत ती सगळ्या गावानं ऐकली.

दाखल्यांचं काय लिहू?
रजिस्टरात शमुवेल, तहसिलीत शंकर.
माझ्या मुलीला नर्सिंगच्या फॉर्मवर
दुसरंच नाव लागलं,
आणि हाक मारली की ती दोन्हींना वळते.
इम्मानुएलराव म्हणाले, "ते राहू दे,
पुस्तक आमदारांच्या हातात जाणार आहे."
राहू दिलं.

देवळातल्या हौदाला त्र्याण्णवच्या भूकंपात तडा गेला.
चारदा सिमेंट भरलं.
तरी बाप्तिस्म्याच्या आदल्या रात्री भरलेला हौद
सकाळी वीतभर उतरलेला असतो.
यंदा खाजाभाई गवंडी आत उतरला,
ओणवा होऊन बोटांनी चाचपत राहिला.
"पाणी कुठं जातंय कळना बगा.
खाली समदी वाळूच हाय."
कुणीतरी लगेच वचन काढलं,
वाळूवर घर बांधणाऱ्या मूर्खाचं.
सगळे हसले. मीही.

दोन पानं भरली. तारखा तीनच.
रविवारी आठ जण बुडायचेत.
टँकरवाला म्हणतोय, पैसे आधी.