चार मिनिटं

सर्वेवाला पोरगा विचारते,
सेवा किती मिनिटांत मिळाली?

फुलवंताबाई मोजाले लागते :
नाल्यापासून सडक,
सडकेवरून काळीपिवळी,
सोमवारी लिंक नाही,
बुधवारी लाइनच गेली,
शुक्रवारी अंगठा उमटला नाही.
तेंदूपानं तोडता तोडता
कुठं गळल्या रेघा, कोणाले ठाऊक.
सत्तर पानांचा पुडा मात्र
ते डोये मिटून बांधते,
एक पान इकडंतिकडं नाही.

तसं नाही मावशी.
बटन दाबल्यापासून
कागद निघेपर्यंत.

मंग चार.

तो चार लिहून घेते.
खाली पाच चांदण्या,
सांगा, किती रंगवू?

बाई दारातून वर पाहते.
भर उन्ह.
आता कुठच्या चांदण्या, बापू?
रातच्याले ये.
लाइन नसते आमच्या इथं,
साऱ्या दिसतात.