बाजूची जागा

सांवेर रोडच्या शेडमध्ये लवंगी शेवेचा वास
रिबनच्या मेणातही उतरतो.
प्रिंटर जीभ काढावी तसं लेबल काढतो:
आठ, नऊ, शून्य, मग आमचा नंबर,
आणि शेवटी तो एक आकडा,
आधीच्या बाराजणांवर नजर ठेवणारा,
आत्येसारखा.

आज दोनशे ग्रॅमच्या पाकिटांवर गन मुकी.
लाल रेघ सरळ धरली, तिरकी धरली,
काच ओढणीने पुसली.
"भिया, हेड गया," नवलसिंग म्हणाला
आणि चहाला निघून गेला.

खासगीवाले काकांची हयात
गोण्यांवर ब्रशने मार्के घालण्यात गेली.
त्यांनी चष्मा कपाळावर सारला,
पाकीट नाकाजवळ नेलं.
"रेघा ठीक आहेत गं.
बाजूला जागा कुठे ठेवलीस?"

'आता जास्त कुरकुरीत'ची पिवळी चौकट
पहिल्या रेघेला चिकटून बसली होती.
ढकलली मागे.
दोन्हीकडे एवढंसं कोरं, तांदळाच्या दाण्याइतकं.
टीं.

संध्याकाळी मॅजिकमध्ये आम्ही अकराजणी,
डबे मांडीवर, कोपर बरगडीत.
मरीमाताला दोघी उतरल्या,
तेव्हा कुठे शेजारची वळून म्हणाली,
"तू लेबलवाली ना?"