चौथ्या मजल्याचं नांदरुख

ड्रेनेजचा पाइप जिथे वळतो,
चौथ्या मजल्याच्या त्या गळक्या कोपरात
नांदरुख उगवलंय.
सोसायटीच्या नोटिशीत त्याचं नाव ‘अनावश्यक वाढ’.

बत्तीस वर्षं मी कॉलेजात काचपट्ट्या धुतल्या,
म्हणून एवढंच कळतं :
तांबट उंचावर बी टाकून जातो,
मुळं मग खाली निघतात मातीकडे,
भिंत चाचपत,
अंधारात बटण शोधणाऱ्या हातासारखी.
सदाहरित रानात उजेड तळाला पोचत नाही,
म्हणून जन्मच वर घ्यायचा.
आमच्याही तळमजल्यावर पेडामकरांकडे
भर दुपारी ट्यूबलाइट.

सप्टेंबर संपत आला. डब्यातल्या मिठाला पाणी सुटलंय,
ठेवणीतल्या चपलांवर हिरवी बुरशी,
जिन्यात गोगलगायीची चकचकीत सही.
कोण म्हणतं, रान लांब आहे?

आज डाबरे आला दोरावरून,
कमरेला कोयता, पिशवीत ॲसिडची बाटली.
“मावशी, खिडकी लावा. वास येईल.”
मी लावली नाही.
तोही लोंबकळत थांबला मध्येच.
“ओंबिलांचं घर आहे इथं. पानं शिवून केलंय.”
“सांभाळ, चावतील.”
“चावल्या की.”

कोयता चाललाच शेवटी.
बाटलीचं बूच मात्र उघडलं नाही.
विसरला असेल.
मी आठवण केली नाही.

रात्री एक वटवाघूळ आलं,
त्या जागेभोवती दोनदा घुटमळलं,
गेलं.

विटेच्या आत बोटभर मूळ
अजून असेल बहुतेक.

सकाळी आंघोळीला मी
एक बादली जास्त घेतली.